भोंग्याचे धडे

संगणकावर धडे चढवले की शिकवणं संपलं, असं समजणाऱ्यांना मी खुशाल हसले असते. पण माझ्या धाकट्या बहिणीची समजूतही त्यांच्याहून फारशी शहाणी नव्हती, तेव्हा कोणाला हसू?

घरात आम्ही हिला भोंगा म्हणायचो. लहानपणी ती हळू बोलली, की आई कपाळाला हात लावून बघायची, ताप तर नाही ना. पुढे त्याच आवाजावर तिचं पोट चाललं. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात नव्या माणसांना कापणीच्या मशीनवर तयार करायचं, हे तिचं काम. त्या खडखडाटात बाकीचे खुणा करत. ही सरळ बोलायची, आणि पार पलीकडच्या भिंतीपाशी उभा असलेलाही मुकाट्याने हात मागे घ्यायचा.

मग कारखान्याने प्रशिक्षणाचं पोर्टल घेतलं. साहेबांचा हिशेब सोपा होता: बाईंचे धडे एकदा त्यात भरले, की बाई कशाला? शिकणारा धडा बघेल, प्रश्नांच्या उत्तरांवर बोट ठेवेल, नावापुढे हिरवी खूण येईल, झाला तयार. भोंगा आधी रुसली. भिंतीशी काय बोलू, म्हणाली. शेवटी चित्रण करणाऱ्यालाच शिकाऊ समजून तिने धडे घेतले, मध्येच त्याला झापलंही, आणि ते झापणं तसंच धड्यात राहिलं. धडे पुरे झाले तशी तिला घरी पाठवलं.

त्यानंतर हिरवी खूण मिळवलेली माणसं मशीनपुढे उभी राहून तिलाच फोन करायची. ही गॅस बंद करून शिकवत बसायची. फुकटचा उद्योग कशाला, असं मी विचारलं, तर म्हणे, बोटं जातील गं त्यांची.

पुढे तिच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, म्हणून घरच्यांसाठी काही बोलून ठेवा, असं डॉक्टरांनी सुचवलं. मेहुण्यांनी फोन पुढे धरला. तिने हात झटकला.

"अहो, पोर्टलवर ढीगभर आहे माझा आवाज. ऐका नंतर हवा तेवढा."

तेही निर्धास्त झाले. घरात तिच्या आवाजाचं दुसरं काहीच नव्हतं. लग्नाच्या चित्रफितीवर नुसती गाणी भरलेली.

ऑपरेशन झालं, जखम भरली, आणि एके दिवशी तिने पाटीवर लिहिलं: मला ऐकायचंय.

मेहुणे माझ्याकडे आले. "ताई, तुम्ही चला. मी एकटा गेलो तर नुसता हो हो करून परत येईन."

कारखान्यात प्रशिक्षणाचं काम बघणारी मुलगी नम्र होती. तिने खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, मग सांगितलं. जुनं पोर्टल भाड्याचं होतं. दुसरं स्वस्त मिळालं, म्हणून ते सोडलं. धडे तिथेच राहिले आणि पुसले गेले. चित्रण करणारा केव्हाच नोकरी सोडून गेला होता, त्याच्या संगणकावरचंही साफ झालं होतं. मात्र कोणी कोणता धडा पूर्ण केला, त्या सगळ्या खुणा नव्या पोर्टलवर नीट आणल्या होत्या.

"म्हणजे ऐकणारे ठेवलेत आणि बोलणारी टाकलीत," मी म्हटलं.

ती खाली बघू लागली. आपणही बाईंच्याच धड्यांवर शिकलो, म्हणाली. मेहुणे एकदम पुढे सरकले. नेमकं काय बोलायची ती, काही आठवतं का, असं त्यांनी विचारलं.

"खरं सांगू काका? इथे कामात बसून बघायचे ना, आवाज बंद करून बघायचे."

मेहुण्यांनी तिलाही हो हो म्हटलं.

घरी सांगायचं काम अर्थात माझ्यावर आलं. मेहुणे चहा करतो म्हणून स्वयंपाकघरात शिरले. मी भोंग्यासमोर बसले आणि काही न लपवता सांगितलं, आवाज बंद करून बघणाऱ्या मुलीचंसुद्धा. तिने पाटी उचलली, पेन्सिल हातात धरली. मग तिचे खांदे हलायला लागले. गळ्याच्या छिद्रातून श्वास फुसफुसत होता, बाकी काही नाही.

मेहुणे कप घेऊन दारात आले. ती त्यांच्याकडे पाठ करून बसलेली. त्यांनी मला हळूच विचारलं, "हसतेय ना?"

मी म्हटलं, "हो."