जपानचा कायदा कोनं पाह्यला?

दिग्रसच्या वकीलसाहेबांचा ऐकीव गोष्टीवर काडीचा विश्वास नव्हता. कोणी काहीही सांगो, तोंडातलं पान दुसऱ्या गालात सरकवून ते विचारत, "कोनं पाह्यलं?" एका लग्नात वरमाय म्हणाली, सून मोठी गुणाची आहे. यांनी भर मांडवात तोच प्रश्न टाकला. त्या पंगतीत त्यांना बुंदी वाढली गेली नाही, आणि शेजारी बसल्याच्या गुन्ह्यासाठी मलाही नाही.

घरी मात्र त्यांची डाळ शिजत नसे. वरणात मीठ नाही म्हणाले, तर वहिनी स्वयंपाकघरातूनच विचारत, "कोनं पाह्यलं?" मग साहेब मुकाट्याने जेवत.

साठ सालानंतरची गोष्ट. हरसिंग नावाच्या बंजारा गृहस्थाने दिग्रसला कापसातली सरकी काढायचं लहानसं जिन टाकलं होतं. आजा बैलांच्या पाठीवर माल वाहायचा, म्हणून हरसिंगाच्या कापसाच्या गाठींवर बैलाची छाप असे. त्या गाठी जपानी कंपनीने घेतल्या, आणि चार महिन्यांनी तक्रार केली की कापूस भेसळीचा निघाला. प्रकरण यवतमाळला लवादापुढे गेलं. भेसळ ठरली असती तर बैल छाप बाजारातून कायमची उठली असती. करारात जपानचा कायदा लागू, असं लिहिलेलं. हरसिंगातर्फे वकीलसाहेब; कंपनीतर्फे मुंबईचे एक बॅरिस्टर आणि त्यांची बॅग सांभाळायला यवतमाळचा मी.

लवाद म्हणून निवृत्त न्यायाधीश होते. बॅरिस्टरांनी टाइप केलेलं भाषांतर पुढे ठेवलं: मालात दोष निघाल्यास खरेदीदाराला दाद मागता येते. वकीलसाहेब उठले.

"हा कायदा कोनं पाह्यला?"

"पुस्तकात आहे," बॅरिस्टर म्हणाले.

"पुस्तक काय शपथ घेऊन राह्यलं? परमुलखाचा कायदा आपल्यासाठी एक हकीकत हाय. हकीकत शाबीत करा लागते. ज्यानं तो कायदा वापरला, तो मानूस आना!"

न्यायाधीशांनी मान डोलावली. आम्ही मनात हसलो. जपानी माणूस आमचीच कंपनी आणणार; म्हातारा वकील आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत होता. बाहेर हरसिंग रडकुंडीला आला. "साहेब, काहून बलावता त्याले? त्यानं बैलाच्या उलटं सांगतलं तं?"

"तं हरू. पन ज्यानं पाह्यलं त्याच्या तोंडून हरू."

हे ऐकून हरसिंगाला काय धीर आला असेल, देव जाणे.

दोन महिन्यांनी कंपनीने एक वृद्ध जपानी वकील आणला. यवतमाळच्या उन्हाने बिचारा टोमॅटोसारखा लाल झालेला. त्याने आमचं कलम नीट वाचून दाखवलं. वकीलसाहेबांनी आपल्या मोडक्या इंग्रजीत एकच प्रश्न विचारला, "याच्या मांगचं पान काय म्हन्ते?"

त्याने पान उलटलं, चष्मा पुसला आणि सरळ सांगितलं: व्यापाऱ्याने माल पोचताच तपासावा आणि दोष दिसताच कळवावं, नाहीतर तक्रार चालत नाही. आणि कंपनीने तर चार महिने काही न कळवता अर्धा कापूस कातूनही टाकला होता. ते पान बॅरिस्टरांनी भाषांतरित केलंच नव्हतं. मी बॅगेचं बक्कल उगाच उघडत-लावत बसलो.

बैल छाप राहिली. बाहेर साहेब त्या जपान्याला आग्रहाने विडा खाऊ घालत होते. मी विचारलं, "मागच्या पानावर हे आहे, ठाऊक होतं तुम्हाला?"

"मी कवा पाह्यलं?" ते म्हणाले. "म्हनून तं इचारलं ना बाप्पा!"

त्या दिवसापासून मी कुणाचंही अर्धं पान वाचून दावा लढवला नाही. हे त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांनी पुरावा मागितला असता.

चार-पाच वर्षांनी हरसिंग सकाळच्या एसटीने यवतमाळला आला. दारातच उभा राहून म्हणाला, "वकीलसाहेब गेले."

माझ्या तोंडून निघून गेलं, "कोनं पाह्यलं?"

हरसिंगाने डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला. "म्या पाह्यलं, साहेब. उशाशीच बसलो होतो."