समजा म्हणताना

दवाखान्याच्या बाकावर बसून मी फरशीवरची वेलबुट्टी बघतोय. एक लादी उलटी बसली आहे, तिथे वेल तुटते. जन्मभर गणित शिकवलं, त्यामुळे डोळे असलंच काहीतरी शोधत राहतात. वर्गात मी सांगायचो, "उत्तराची घाई करू नका. आधी 'समजा' म्हणा, आणि ते जिथे नेईल तिथवर न घाबरता जा." गणिती विचार म्हणजे एवढंच, असं मला वाटायचं.

मघाशी डॉक्टर म्हणाले, "सर, समजा काकूंना या औषधाचा गुण आलाच नाही, तर..." मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही.

बायको आत झोपली आहे. उठली की विचारेल, "काय म्हणाले?" मी दमलोय. नजर पुन्हा त्या लादीपाशी येते आणि वेल तुटते तिथेच थांबते.