अर्ध्या डोंगरावरची वंदना

आमच्या घरात सहलीचं ठरवणार मीच. भाऊ गाडी चालवतो, वहिनी दशम्या-चटणी बांधते, पोरं भांडतात आणि मी हुकूम सोडते. दर हिवाळ्यात पांढरे कपडे घालून आम्ही कुठल्या तरी डोंगरातल्या लेण्यांवर जातो, बुद्धवंदना करतो, जेवतो, परत येतो. हे वेड बाबांचं. जन्मभर शाळेत शिपाई होते, पण डोंगरात पडका खांब दिसला की आमच्या आधी तेच पळायचे.

यंदा त्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं होतं. मी आधीच बजावलं, "बाबा, तुमी खाली बसायचं. वर यायचं न्हाई."

"कावून? पाय तर माझेच हायेत."

"पाय तुमचे, पण डॉक्टरांनी चढायला न्हाई म्हणून सांगितलंय."

वाटेत चौसाळ्याला चहा पिताना त्यांनी पुन्हा विषय काढला, मी पुन्हा मोडला. माझ्या तोंडी लागून उपयोग नसतो हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. डोंगराखाली लिंबाच्या सावलीत त्यांना खुर्ची टाकून दिली. ते माझ्याकडं बघेनात. वाईट वाटलं, पण मी मागं हटले नाही.

चढ खडा होता. वर ओळीनं फुटक्या खोल्या, वटवाघळांचा वास आणि मोठ्या खोलीत नाक-डोळे झिजलेली मूर्ती. मेणबत्त्या, अगरबत्ती, फुलं, अंथरायला पांढरं कापड, मी काही म्हणता काही विसरले नव्हते. सगळे हात जोडून बसले आणि मी सुरू केलं. आमच्यात एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी मागून म्हणायची. त्रिसरण, पंचशील तर झोपेतही येतं. पुढची पूजेची गाथा धरली आणि तिसऱ्या ओळीला अडले. भावाकडं पाहिलं, त्यानं वहिनीकडं पाहिलं. जन्मभर आम्ही बाबांच्या मागूनच म्हणत आलो होतो, पुढची ओळ एकट्यानं कुणालाच येत नव्हती. मोबाईलला रेंज नाही. पाठांतरावरून वर्गात पोरांना झापणारी बाई मी. लई लाज वाटली.

"बसा इथंच, बाबांना विचारून येते," म्हणाले आणि तरातरा उतरले.

अर्ध्या वाटेवर बाबा दगडावर बसलेले. सदरा घामानं चिंब, हात छातीवर. आमची पाठ फिरल्यावर माणूस एकटा चढायला लागला होता.

"तुमाला सांगितलं होतं ना!" मी ओरडलेच. भ्याले होते म्हणून ओरडले.

"दुखत न्हाई, दम लागलाय," ते म्हणाले. मग वर बघत राहिले. "वरचं व्हायचं न्हाई आता माझ्यानं."

सकाळपासून मी हेच म्हणत होते. त्यांच्या तोंडून ऐकलं आणि मला रडू यायला लागलं. ते लपवायला मी गाथेचं सांगितलं, कुठं अडले तेही सांगितलं. वाटलं, ओळ सांगतील. त्यांनी तिथंच हात जोडले.

"म्हण. मी हाय मागून."

मी पहिली ओळ म्हणाले, ती त्यांनी मागून म्हटली. दुसरी म्हणाले, तीही म्हटली. तिसऱ्याला मी पुन्हा अडले.

"सांगा ना, बाबा."

"न्हाई."

असा राग आला! इथं जीव टांगणीला लागलाय आणि यांना परीक्षा घ्यायची सुचतेय. चिडूनच पहिल्यापासून सुरू केलं, आणि या वेळी तिसरी ओळ आली, त्यांच्याच चालीत. त्यांनी ती मागून म्हटली. गाथा संपेपर्यंत ते एकदाही माझ्या पुढं गेले नाहीत.

मग मला म्हणाले, "जा, लेकरं खोळंबली असतील."

भावाला हाक मारून खाली बोलावलं, त्यांच्यासोबत उतरायला. दोघं वळणाआड जाईपर्यंत मी उभी राहिले आणि मग वर गेले. पोरं मेणबत्त्यांपाशी तशीच बसली होती.

"आजोबा येनात का?" धाकटीनं विचारलं.

"न्हाई येत," मी म्हणाले आणि पहिली ओळ धरली.