पायाचे कलम

पाठीचे ऑपरेशन ठरल्यावर पुण्याच्या डॉक्टरांनी मला पहिला अभ्यास दिला तो आडवे पडण्याचा. मणक्यांना कीड लागली होती. ते एकमेकांना जोडावे लागणार होते आणि पुढे कित्येक महिने पाठ हलवता येणार नव्हती. तेव्हा निजल्या निजल्या जेवण्याची आणि इतर विधी उरकण्याची सवय घरूनच करून या, असे त्यांनी सांगितले. सूचना मला पटली. भाटघरच्या घरी ओसरीवर फळी टाकून मी उताणा पडून घास गिळू लागलो. कोणावर असा प्रसंग आलाच तर त्याने ताकभाताने आरंभ करू नये; तो नाकात जातो. मान एका अंगाला कलती ठेवून भाकरीचा कोरडा तुकडा आधी चावावा आणि पाणी झारीने प्यावे.

शेजारचे एक शेतकरी हा सराव बघायला रोज येत.

"मास्तर, आजवर पोरांना बाकावर हुबं केलंत. आता सोता आडवं ऱ्हायला शिकताय व्हय?" असे म्हणून ते हसत, आणि मग आवाज उतरवून सांगत, "पन जपून. नाकाला गुंगीचं फडकं लावत्यात. मंग मानूस नि मेंढरू सारखंच. काय काढलं नि काय ठेवलं, कोन बघतंय?"

हे बोलणे मी हसण्यावारी नेले खरे, पण ते मनातून जाईना. माझी शाळा वेल्ह्याकडच्या डोंगरात होती. सोमवारी चढून जायचे, शनिवारी उतरून यायचे. वाट पायीच तुडवायची, दुसरी सोय नाही. पाठीने नोकरी अर्धी घालवलीच होती. पायही गेला तर उरलेली अर्धी जाणार, हे उघड होते.

थोरली बहीण सोबत आली. मोटारीच्या मागच्या बाकावर मला आडवे घालून तिने पुण्यापर्यंत माझे डोके मांडीवर धरले, आणि इस्पितळात शिरल्यापासून तिने कशावरही विश्वास ठेवला नाही. दूध हुंगून बघितले, औषधाची बाटली उजेडात धरली, खाटेखाली वाकून पाहिले. "दूध चांगलं हाय," ती म्हणाली, "म्हंजे कायतरी आसनारच."

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी पडद्यापलीकडे मोठे डॉक्टर आपल्या मदतनिसाशी बोलत होते. मला एकच वाक्य स्पष्ट ऐकू आले : "मास्तरांच्या पायाचं कलम आधी, मग पाठ."

थोड्या वेळाने नर्सबाई साबण आणि वस्तरा घेऊन आल्या. पाठीला त्यांनी हात लावला नाही. उजव्या पायाची नडगी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत भादरली, तिला आयोडीन फासले आणि पांढऱ्या फडक्यात घट्ट गुंडाळली.

"अवो बाई," बहीण म्हणाली, "दुखतंय पाठीत नि तुमी पाय कशापायी तासताय?"

"मला सांगितलं तेवढं करते," असे म्हणून त्या निघून गेल्या.

मी पडल्या पडल्या त्या वाक्याचे व्याकरण तपासू लागलो. कलम म्हणजे लेखणी. ती इथे लागू नाही. कलम म्हणजे कायद्यातला पोटभाग, तोही नाही. जुन्या बखरींत अपराध्यांचे हातपाय कलम होतात. उरली षष्ठी विभक्ती. देवाचा प्रसाद देवाकडून येतो, पण देवाची पूजा देवालाच घडते. 'पायाचे कलम' यातली षष्ठी दुसऱ्या जातीची असेल, तर उद्या माझ्या पायाला काय घडणार हे ठरल्यासारखेच होते. आंब्याचे कलम मला त्या घटकेला सुचलेही नाही. भ्यालेल्या माणसाला शब्दाचा वाईट अर्थच आधी सापडतो.

"ऊठ," बहीण म्हणाली, "मोटार मिळंल अजून."

उठता येत असते तर मी तिथे गेलोच नसतो. मी तिला डॉक्टरांना बोलावायला पाठवले. ती त्यांना घेऊनच आली आणि दारात अशी उभी राहिली की त्यांना परत जाता येऊ नये.

"डॉक्टरसाहेब," मी विचारले, "माझा पाय ठेवणार की काढणार?"

ते म्हणाले, "तुम्हाला पहिल्या तपासणीतच सांगितलं होतं, बोन ग्राफ्ट करायचं म्हणून."

सांगितले होते. ते मी औषधाचे नाव समजलो होतो.

मग त्यांनी खाटेच्या कडेला बसून समजावले. नडगीच्या हाडाची एक लांबट चीप काढायची, ती किडक्या मणक्यांवर बसवायची. आंब्याचे कलम जीव धरते तसे हाड हाडाला धरते.

"आनि पायात खाच पडंल तिचं काय?" बहिणीने विचारले.

"भरून येते."

"कशानं?"

"आपोआप."

बहिणीने माझ्याकडे पाहिले. वर्गात उत्तर आपोआप आले म्हणणाऱ्या मुलाने ते शेजाऱ्याच्या पाटीवरून घेतलेले असते, हा माझा अनुभव. मी म्हणालो, "मी शुद्धीवर येईन तेव्हा पाय जागेवर असेल, एवढा शब्द द्या."

"पाय असेल," ते म्हणाले. "पाठीचा शब्द मात्र मला देता येत नाही."

त्यांनी दोन्हींचा शब्द दिला असता तर मी ऑपरेशनला नकार दिला असता.

शुद्धीवर आलो तेव्हा बहिणीने पांघरूण आधीच उचलून बघितले होते. "हाय," ती म्हणाली आणि अंगठा चिमटून मला खरोखर कळते का याची खात्री केली. पुढचे महिने प्लास्टरच्या साच्यात गेले. पाठीपेक्षा नडगीच अधिक ठणकायची, आणि ती ठणकली की बहीण डॉक्टरांना ऐकू जाईल अशा बेताने, "आपोआप," असे म्हणायची.

पट्टा बांधून, काठी घेऊन, घरच्या अंगणात आणि मग धरणाच्या वाटेवर चालण्याचा सराव झाल्यावर एका सोमवारी मी शाळेकडे निघालो. माझे गाठोडे बहिणीने घेतले. चढाला लागताना मी तिच्यासाठी थांबलो.

"तू म्होरं हो," ती म्हणाली. "म्या मागनं बघती."

सगळा चढ ती माझा पाय बघत आली. मध्ये दोनदा बसावे लागले. ती बसली नाही. शाळेचे कौलारू छप्पर दिसल्यावर तिने गाठोडे माझ्या हाती दिले.

"लंगडत न्हाईस," ती म्हणाली, "आजच्याला तरी."