शरणपूर आणि दोन डबे

हॉर्नबी या उपनगरातल्या त्या लहानशा चर्चची पायरी मला आजही आठवते. मी तेव्हा न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला पोलीस डिटेक्टिव्ह होतो. एका गोदामाच्या आवारात, रिव्हर्स घेणाऱ्या व्हॅनखाली सापडून एक कामगार मेला होता आणि चालक पळाला होता. दोघेही मराठी. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याने (तिकडे किराणा दुकानाला डेअरी म्हणतात) फोनवर खबर दिली, "तुमचा माणूस शेजारच्या चर्चमध्ये शिरलाय. मेलेल्याचा मोठा भाऊ दाराशी उभा आहे, जाम चिडलाय."

मला पाहताच तो भाऊ ओरडला, "साहेब, हा ॲक्सिडेंट नाही! आठवडाभर दोघांत अबोला होता. मुद्दाम मारलंय. बाहेर तर येऊ दे त्याला!"

हे खरे असते तर प्रकरण खुनाचे होते. मी आत निघालो, तोच पाद्री समोर आले. नगरकडचे, वयस्कर गृहस्थ.

"चर्चमध्ये पोलिसांना मज्जाव नाही," मी दरडावले.

"छे हो, न्या की त्याला. फक्त आधी त्याचं ऐकून घ्या. जुन्या इस्राएलात त्यासाठीच शरणपुरं होती, आश्रयाची गावं."

नाशिकच्या शरणपूर रोडवरून मी हजारदा गेलो असेन, पण त्या शब्दाची चौकशी कधी केली नव्हती. प्रश्न विचारायची खोड जात नाही. "म्हणजे मारणारा सुटायचा?"

"नाही ना! तो पळत यायचा, मागून नातलग सुडासाठी यायचे. मग आधी चौकशी. पूर्वीचं वैर निघालं, तर वेदीला बिलगला तरी ओढून न्यायचे. चुकून घडलं असेल तर जीव वाचायचा, पण तिथला मुख्य याजक, म्हणजे धर्मगुरू, मरेपर्यंत ते गाव सोडून घरी जाता येत नसे."

इतका जुना कायदा आणि प्रश्न मात्र आमचाच! मला मोठे नवल वाटले.

भावाला सहकाऱ्याजवळ थांबवून मी चालकाला स्टेशनवर आणले, हक्क समजावले आणि वकिलासमोर जबाब घेतला. रिव्हर्स घेताना तो दिसलाच नाही, असे त्याचे म्हणणे होते. अबोला मात्र त्याने लगेच कबूल केला. कारण काय, तर क्लबच्या सामन्यात अंपायर म्हणून याने त्याला पायचीत दिले होते! हसू आले, पण याहून फालतू कारणांवरून माणसे जिवावर उठलेली मी पाहिली आहेत.

इतक्यात व्हॅनमधल्या वस्तू टेबलावर आल्या. त्यांत स्टीलचे दोन डबे होते. दोन्हींत मेथीची भाजी.

"दुसरा कोणाचा?"

"त्याचाच. एकटा राहतो ना... राहायचा. माझी बायको रोज द्यायची."

"बोलत नव्हतात ना?"

"अबोला माझ्याशी होता साहेब, डब्याशी नव्हता. मी ठेवायचो, तो मुकाट्याने घ्यायचा." आणि तो ढसाढसा रडू लागला.

गोदामातल्या सगळ्यांनी तेच सांगितले. गाडीची तपासणीही जबाबाशी जुळली. खुनाचा संशय संपला. निष्काळजीपणाची शिक्षा मात्र कोर्टाने दिलीच. मी भावाला सारे समजावले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "मग मी राग कुणावर काढू?"

दया म्हणजे चौकशी सैल सोडणे नव्हे. रागावलेल्या माणसाला दाराशी थांबवून नीट चौकशी करणे, हीच पहिली दया, असे मी त्या प्रकरणात शिकलो.

खटला संपल्यावर तो दुसरा डबा भावाने आठवण म्हणून मागून नेला. काही महिन्यांनी चालकाच्या बायकोने मला घरी बोलावले. डबा तिच्या ओट्यावर होता. भाऊ येऊन, एक शब्दही न बोलता, देऊन गेला होता. तिने झाकण उघडून दाखवले. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. आत मूठभर साखर होती.