गाडी असताना चालणारा माणूस

आमच्या गावात माणूस पायी दिसला की लोक दोनच अर्थ काढतात. याची गाडी तरी बिघडलीय, नाहीतर परिस्थिती. गाव म्हणायचं आपलं. माजिवड्याच्या बाजूला टॉवरांच्या मधे चेपलेल्या चार गल्ल्या. आधीची पिढी खाडीवरच्या मिठागरात राबली. मग जमिनींना भाव आला आणि आम्ही जे बसलो ते बसलोच. सोफ्यावर, गाडीत, नाक्यावर खुर्च्या टाकून.

मी घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. सांगतोच, लपवायचं कशाला? गावातला प्रत्येक कागद वाचायला माझ्याकडे येतो. सातबारा, कोर्टाची नोटीस, रक्ताचा रिपोर्ट. 'भात कमी करा, चाला' हे मी कैक वर्षं लोकांना फुकट सांगत आलो. मग माझाच रिपोर्ट आला. साखर.

"तीन महिने रोज पाऊण तास चाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाही उतरली तर गोळ्या. घरात कोणाला होती?"

वडिलांना होती. त्यांच्या पायाचा अंगठा कापावा लागलेला. मिठाच्या पाण्यात जन्म काढून ज्या पायांना काही झालं नाही, त्यातला एक सोफ्यावर बसून अधू झाला. घरात हे कोणी बोलत नाही. नजर लागली म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. शंभर पावलं झाली नसतील, तोच चुलतभावाची गाडी शेजारी थांबली.

"काय रं दादा, गाडी बंद?"

"नाय रे, चालतोय."

"चालतोस? कशाला?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग डॉक्टरकडे सोडतो ना! बस."

मागे रिक्षावाले कोकलायला लागले. बसलो. नसतो बसलो तर आमच्या दोघांतल्या जुन्या कुंपणाच्या भांडणाचा राग दादाच्या मनात अजून आहे, असं संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. त्याने मला मिसळ खायला घातली, डबल साखरेचा चहा पाजला आणि थेट दारात सोडलं. असा व्यायाम मी चार दिवस केला. रोज नवा नातेवाईक, नवी गाडी.

पाचव्या दिवशी आईने गाठलं. "आरं, गाडी विकलीस का? हळदीला बायका इचारत होत्या."

"आई, तब्येतीसाठी चालतो."

"डोक्यावर मीठ वाहून तुला कॉलेजात घातला, तो असा रस्त्यानं चालायला?"

यावर बी.कॉम.ला काही शिकवलेलं नव्हतं.

मग मी शिकलेल्या माणसाला शोभेल अशी युक्ती काढली. गाडी काढायची, उपवनच्या तळ्यावर जायचं आणि जिथे आपल्याला कुत्रंही ओळखत नाही तिथे चालायचं. पेट्रोल जाळून, चोरून. लफडं करणारासुद्धा एवढी काळजी घेत नसेल.

तिसऱ्याच दिवशी तळ्याच्या वळणावर समोरून कोरे पांढरे बूट, टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली, असा एक गडी आला. मला बघून वळायला लागला. चुलतभाऊ!

"काय रे," मी म्हटलं, "गाडी बंद?"

हसला नाही. बाकावर बसला. दिवाळीपासून त्याची साखर माझ्या दुप्पट. रिपोर्ट गाडीत, सीटकव्हरखाली. माझ्याकडे आणला असता तर गावाला कळलं असतं, म्हणे. म्हणजे पहिल्या ग्रॅज्युएटच्या तोंडावर एवढा विश्वास.

मग त्याने डावा बूट काढला. "दादा, काल अंगठ्याला काच लागली. रक्त बघितलं तेव्हा कळलं. दुखतच नाय."

आमच्या वडिलांचंही असंच सुरू झालेलं.

"आधी डॉक्टर," मी म्हटलं. "ऊठ. आणि आता मीच सोडतो."

जखम भरायला तीन आठवडे लागले. डॉक्टरीणबाईंनी चालायची परवानगी दिली, त्या सकाळी आम्ही दोघे घरातूनच निघालो. गावातून, नाक्यावरून, खुर्च्यांच्या समोरून. पन्नास पावलांत पुतण्याची गाडी थांबली. काच खाली.

"काका, दोघांच्या गाड्या एकदम बंद?"

मी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाला, "पुढं हो तू. अंगठा वाचवतोय."