सुमनची बाटली वाजायची

धुळ्याहून अमळनेरला येणाऱ्या एसटीत माझी बायको सुमन मांडीवर पिशवी घेऊन बसायची आणि पिशवी वाजायची. तीस गोळ्यांची प्लास्टिकची बाटली ती. गाडी खड्ड्यात गेली की खुळखुळते. आमच्या आजाराची माणसं दवाखान्याच्या खिडकीवरून बाटली घेतली की आडोशाला जाऊन तिच्यात कापूस कोंबतात, म्हणजे आवाज नको. मीही कोंबायचो. सुमननं कधी कोंबला नाही. एकदा शेजारच्या बाईनं विचारलं, "अक्का, काय वाजतंय हो?" सुमन म्हणाली, "एचआयव्हीन्या गोळ्या शेतस. तुम्हले पाहिजेत का?" मी खिडकीबाहेर बघत बसलो.

आजार घरात आणला मी. धरणगावच्या जिनिंगमधून रुईच्या गाठी भरून ट्रक गुजरातला न्यायचो, तेव्हाची ही कमाई. चौथी शिकलेला माणूस आहे, गोड करून लिहिता येत नाही. खाजगी डॉक्टरनं दोघांचे रिपोर्ट टेबलावर टाकले आणि म्हणाला, औषध आहे, पण तुमच्या ऐपतीचं नाही. मला वाटलं सुमन माहेरी जाईल. ती घरी आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "आनं ते आनं. आते जगानं कसं ते सांग."

पुढे सरकारनं गोळ्या फुकट सुरू केल्या. जळगाव आमचा जिल्हा, पण तिकडे कोणी ओळखीचं भेटेल म्हणून मी धुळ्याच्या दवाखान्यातलं गोळ्यांचं केंद्र धरलं. पहिल्याच दिवशी बाकावर आमच्याच गल्लीतला एक जण तोंडाला रुमाल बांधून बसलेला. "दात दाखवायला आलो," म्हणाला. सुमननं त्याला जागा करून दिली. "दादा, दातनी रांग पल्याड शे. हाई आपली शे." तो हसला आणि रुमाल सोडला. त्यानंतर दर महिन्याला तो तिच्यासाठी जागा धरून ठेवायचा.

सतरा-अठरा वर्षं ती त्या गोळ्यांवर जगली. कापूस वेचला, पोरीचं लग्न केलं, भांडली, जेवली. हे सरकारनं केलं, आणि ते मी लिहिणार. पण सुमन कधी खिडकीसमोर हात जोडून उभी राहिली नाही. ती म्हणायची, "हात धरा तर अर्ध्या वाटवर सोडाना नही." तिच्या लेखी सरकार म्हणजे सणावाराला येणारा पाहुणा नव्हता, की आला तर बरं आणि नाही आला तरी बरं.

मग तिला पहिल्या गोळ्या लागू पडेनात. डॉक्टरांनी दुसऱ्या दिल्या. माझ्या जुन्याच राहिल्या. आणि एका उन्हाळ्यात तिच्या गोळ्यांची टंचाई सुरू झाली. महिन्याच्या जागी दहा दिवसांच्या मिळाल्या, मग पाच दिवसांच्या. मग काहीच नाही. तोच डॉक्टर जो दर वेळी बजावायचा की एक दिवससुद्धा चुकवू नका, तो मान खाली घालून कागद चाळत होता. मी सुमनला म्हणालो, माझ्यातल्या घे. तर डॉक्टर म्हणे, ते चालत नाही.

पेपरात आलं, औषधाचा साठा पुरेसा आहे. मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मंग हाऊ पेपरच पानीसंगे गिळू का?" या गोळ्या आपल्याच देशात बनतात, जहाजं भरून पार आफ्रिकेत जातात, असं तिला केंद्रातल्या ताईंनी सांगितलं होतं. "कापूस आमना, अन् उघडा बी आम्हीच," सुमन म्हणाली.

काहीच मिळालं नाही त्या दिवशी ती खिडकीपुढून हलली नाही. आतला माणूस म्हणाला, "अक्का, वरूनच आलं नाही."

"वर कोन शे? देव का?"

"मला काय माहीत? पुढच्या आठवड्यात बघा."

"नही शे ना गोळ्या? मंग लिखी द्या. आज सुमनबाई उनी, तिले औषध भेटनं नही. इतलंच लिखा."

"असं लिहून देता येत नाही, अक्का."

"देता येत नही, ते बी लिखी द्या."

मागे रांग खोळंबली होती. सगळे बघत होते. एवढी वर्षं ज्या लाजेनं मी बाटलीत कापूस कोंबला, ती लाज वर आली. मी तिचा दंड धरून ओढला. म्हणालो, "चल, तमाशा नको." ती आली. पिशवी रिकामी होती, एसटीत काही वाजलं नाही.

गोळ्या आल्या तोवर दीड महिना उलटून गेला होता. तिला खोकला धरला होता. मी डॉक्टर नाही, त्या दीड महिन्यानंच गेली असं छातीठोक सांगू शकत नाही. पण तसं नाही, असंही मला कोणी सांगितलेलं नाही. दिवाळीच्या आधी ती गेली. दवाखान्यानं कागद दिला, त्यावर टीबी लिहिलं होतं, खाली सही, शिक्का. तो मात्र न मागता लिहून दिला.

आता मी एकटाच जातो. बाटलीत कापूस घालत नाही. गोळ्या घेतल्या की खिडकीवर तिचं औषधाचं कार्ड ठेवतो आणि म्हणतो, "हिला त्या उन्हाळ्यात औषध मिळालं नाही, एवढं लिहून द्या."

आतला माणूस म्हणतो, "आबा, आता त्याचा काय उपयोग?"

मी म्हणतो, "उपयोग मी बघतो. तुम्ही लिहा."

तो लिहीत नाही. मी बाकावर जाऊन बसतो. गल्लीतला तो माणूस शेजारी सरकतो. शेवटच्या एसटीपर्यंत आम्ही बसून असतो. आता दंड धरून उठवायला माझ्यासोबत कोणी नाही.